झोळी न घेता

वरवंडच्या मुक्कामाला टाचेवर लिंबाएवढा फोड आला. दिंडीतल्या एका आजींनी माझा पाय सरळ मांडीवर ओढला. सुईत दोरा ओवला, सुई फोडातून आरपार काढली आणि दोरा तसाच आत ठेवला. "ऱ्हाऊ द्या माउली, रातीतनं पाणी निघून जाईल." मी ओशाळून पाय मागे घेत होतो, त्या सोडत नव्हत्या. शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूची गोष्ट मी रविवारच्या शाळेत कितीतरी वर्षं शिकवलीय. पाय धुऊन घेणाऱ्याची पंचाईत कधी ध्यानात आली नव्हती.

मी नगरचा, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. आमचे पणजोबा मिशनचे प्रचारक. आषाढीला पंढरपुरात जाऊन पत्रकं वाटायचे. मिशननं गावकुसाबाहेरच्या आमच्या माणसांना पाटी-पेन्सिल दिली, हे ऋण मी नाकारणार नाही. पण पत्रक देणाऱ्याच्या मागे परदेशी पैसा होता, गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. घेणाऱ्याला ते दिसत असणारच.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथं जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. मिशनची शाळा आमच्या घराण्यात आली, हा दरबार काही आला नाही.

म्हणून मी तुकोबांच्या पालखीबरोबर निघालो. देहू सोडल्यावर पालखीची पहिली अभंग-आरती होते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. सर्वधर्मसमभावावर कुणी चकार शब्द काढला नाही. आरती झाली, पालखी पुढे निघाली.

यवतला पिठलं-भाकरी हातावर घेऊन उकिडवा बसलो आणि लूकचा दहावा अध्याय आठवला. येशू सत्तर जणांना पाठवतो: पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत, समोर वाढतील ते खा. आमच्या उपदेशात त्याच्या अलीकडचं वचन गाजतं, पीक फार आणि कामकरी थोडे. झोळीचं वचन घाईत उरकतात. (मिशनचे बंगले पाहिलेत ना?)

ख्रिस्तावरचा विश्वास काही मी देहूत ठेवून आलो नव्हतो. विठ्ठल आणि ख्रिस्त एकच, असंही मी म्हणणार नाही. कुणी विचारलंच तर द्यायला उत्तर तयार ठेवलं होतं, शास्त्राधारासकट.

विचारलं विणेकरीबुवांनी, फोड फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी. "गळ्यात माळ न्हाई?"

"ख्रिस्ती आहे मी, बुवा."

"मग? तुमच्यात चालत न्हाई का?"

माळेविषयी विचारत होते की माझ्या लंगडण्याविषयी, कळलं नाही. म्हटलं, "चालतं की."

"मग चला," म्हणाले, आणि टाळांचा एक जोड माझ्या हातात दिला.