जोडीनं वाचायची पुस्तकं

मी १९८४ ला नागपुरात दहावी झालो. तेव्हा शाळेचं वाचनालय जिन्याखालच्या खोलीत होतं आणि तिथलं हिरवं लोखंडी कपाट ग्रंथपाल सर स्वतःच उघडायचे. त्या वर्षांतल्या मुलांना त्यांचं नाव सांगायची गरज नाही. धर्माची, तत्त्वज्ञानाची पुस्तकं त्याच कपाटात असत आणि ती देताना सरांची अट ठरलेली होती. एकटं पुस्तक मिळायचं नाही, जोडी न्यायची. एक श्रद्धेनं लिहिणाऱ्याचं, दुसरं त्या श्रद्धेला प्रश्न विचारणाऱ्याचं. परत करताना दोघांचंही म्हणणं असं सांगायचं, की लेखक समोर बसला असता तर "हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणाला असता. आपलं मत त्यानंतर.

नववीत मी ही अट मोडली. मला मिळालेली जोडी आगरकरांचे निबंध आणि ज्ञानेश्वरी अशी होती. ज्ञानेश्वरी काय, घरी रोजच कानावर पडते, म्हणून मी ती उघडलीच नाही. आगरकर मात्र दोन रात्रींत वाचून काढले. पुण्यात ज्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली, त्या माणसाच्या त्या ठाम वाक्यांनी मी पेटून गेलो होतो.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. रोज संध्याकाळी ते मोठ्यानं ओव्या वाचत. पोथीत खूण म्हणून मिलमधला सुताचा धागा असायचा. त्या रविवारी मी त्यांना म्हणालो, "बाबा, असल्या पोथ्यांनीच आपला देश मागं राहिला." ते काहीच बोलले नाहीत. धागा पानात ठेवला, पोथी मिटली आणि पुढचे आठ दिवस घरात ओवी ऐकू आली नाही.

सरांना मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी आगरकर ऐकून घेतले, मान डोलावली. मग म्हणाले, "आता ज्ञानेश्वर सांग." मला एक वाक्य सांगता येईना. "बाबांनी कोणता अध्याय धरला होता?" तेही माहीत नव्हतं. "घरचीच पोथी वाच. बाबांजवळ बसून."

मी जाऊन बसलो. बाबांनी धागा होता तिथूनच पुढं वाचायला घेतलं, झाल्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. पसायदानापर्यंत पोचायला दिवाळी आली. तिथं ते थांबले आणि म्हणाले, "यात विठ्ठलाचं नाव कुठं हाये, दाखव बरं मले." मी सगळ्या ओव्या पुन्हा पाहिल्या. विठ्ठलाचं नाव नव्हतं. मागणं होतं विश्वात्मक देवाकडं, आणि तेही दुष्टांचा नाश कर असं नव्हतं. त्यांचा वाकडेपणा सुटू दे, एवढंच. हे सगळं इतकी वर्षं कानावर पडत होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

यामुळं आगरकर मला खोटे वाटू लागले नाहीत. पुन्हा वाचले तेव्हा दिसलं, की भाविकाची टिंगल हा त्यांचा हेतूच नाही; रूढी बुद्धीला पटते का, हे तपासा, एवढाच त्यांचा आग्रह आहे. तो मला आजही मान्य आहे.

माझ्या बाकावरचा मित्र इंदोऱ्याचा. त्याची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. पांढरं लुगडं नेसून पायी गेली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मित्र तिला वाचून दाखवी. एकदा मीही तिथं बसलो. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, असं आम्ही शाळेत शिकलो होतो. बाबासाहेब सुरुवातीलाच विचारतात, २९ व्या वर्षापर्यंत त्याला हे कधी दिसलंच नसेल, हे कसं शक्य आहे? त्यांच्या पुस्तकात घर सोडण्याचं कारण आहे शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. आपल्या धर्माच्या संस्थापकाच्या चरित्रालाही असा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारूनही माणूस त्याच धर्मात श्रद्धेनं राहू शकतो, हे मला त्या घरात कळलं.

पुढं पुष्कळ वाचलं. अर्धांगानं उजवा हात गेल्यावर फुल्यांनी डाव्या हातानं लिहिलेला 'सार्वजनिक सत्यधर्म'. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली ती 'गीता प्रवचने'. लक्ष्मणशास्त्री जोशी यांची 'हिंदुधर्माची समीक्षा', जी आपल्याच नागपूर विद्यापीठातली व्याख्यानं आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर नागपूरकरानं वाचावीतच. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या यजमानांच्या, ना. वा. टिळकांच्या, हाती बायबलचा 'नवा करार' ठेवला. पुढं टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा घराचं काय झालं, हे लक्ष्मीबाई लिहितात. धर्मांतरावर मतं देणाऱ्यानं आधी हे पुस्तक वाचावं.

संविधानही सरांनी याच कपाटात ठेवलं होतं. अनुच्छेद २५ काढून ते आम्हाला शब्दांचा क्रम दाखवत: आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, मग धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं. देव न मानणाराही त्या पहिल्या शब्दात बसतो, म्हणत.

यंदा आमच्या तुकडीनं ते कपाट शोधून काढलं, घासून रंगवलं आणि त्यात बारा जोड्या लावल्या. मित्र आजीला ज्यातून वाचून दाखवायचा, तीच प्रत त्यानं दिली आणि तिच्या शेजारी 'गीता प्रवचने' ठेवली. मी आगरकर आणि बाबांची पोथी दिली आहे. पोथीतला धागा मी काढलेला नाही. ज्या पानाशी आहे तिथंच तो असू द्यावा, ही ग्रंथपालांना विनंती.