इलिसॉसच्या काठावरचा सॉक्रेटिस

सॉक्रेटिस शहराबाहेर फारसा पडत नसे. झाडं आणि रानं मला काही शिकवत नाहीत, गावातली माणसं शिकवतात, असं तो प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सांगतो. पण हा संवाद घडतो तो वेशीबाहेर, इलिसॉस नदीच्या काठी. फीड्रस या त्याच्या मित्राने लिसियस या भाषणं लिहिणाऱ्या वक्त्याचं एक भाषण अंगरख्याखाली लपवून आणलेलं असतं आणि ते ऐकायच्या ओढीने सॉक्रेटिस त्याच्यामागे अनवाणी निघतो. अथेन्समध्ये मला सगळ्यात आधी हा परिसर पाहायचा होता. सोबत मावशी होती, आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेली.

इलिसॉस आता बहुतेक सगळी रस्त्यांखाली गेली आहे. ऑलिंपियन झ्यूसच्या भव्य देवळाच्या मागच्या अंगाला आयिया फोटिनी नावाचं छोटं चर्च आहे, त्याच्या शेजारी पात्राचा एक तुकडा तेवढा उघडा राहिलाय. खडक, गवत, जेमतेम ओल. प्लेटोने वर्णन केलेला डेरेदार प्लेन वृक्ष, त्याखालचा गार झरा, ऐन बहरातलं आपल्या निर्गुडीच्या जातीचं झुडूप, यातलं काहीच नाही. पण तिथल्या खडकावर पॅन या ग्रीकांच्या रानदेवाची एक पुसट कोरीव आकृती आहे. उन्ह तिरपं आलं की पायाची रेघ जरा उठून दिसते. संवादाचा शेवट सॉक्रेटिस पॅनच्याच प्रार्थनेने करतो: मला आतून सुंदर कर, बाहेर जे काही माझं असेल त्याचं आतल्याशी सख्य असू दे, आणि सोनं संयमी माणसाला पेलेल तेवढंच दे. मावशीने ती प्रार्थना तिथे मोठ्याने वाचली. देवळात म्हणतात तशीच, सावकाश.

डोक्यावर सिकाडा, म्हणजे झाडांवर किरकिरणारे किडे, कर्कश ओरडत होते. संवादातही भर दुपारी तेच आहेत. सॉक्रेटिस म्हणतो, हे एके काळी माणसं होते; गाण्याच्या नादात खाणंपिणं विसरून मेले आणि त्यांचे सिकाडा झाले. आता खाली कोण बोलतंय आणि कोण पेंगतंय याची खबर ते कलादेवतांना देतात. म्हणून, फीड्रस, आपण बोलत राहू या.

बोलणं प्रेमाबद्दल चाललेलं असतं. लिसियसचं म्हणणं, प्रेमात पडलेल्या माणसापेक्षा न पडलेला बरा, कारण पहिल्याचं डोकं ठिकाणावर नसतं. सॉक्रेटिस आधी तोंड झाकून घेऊन त्याच सुरात एक भाषण करतो. मग नदी ओलांडून परत निघणार, तोच त्याचा आतला आवाज त्याला अडवतो: प्रेमाचा अपमान झालाय, भरपाई कर. आणि तो उलटं भाषण सुरू करतो. देवाने दिलेलं वेड हे शहाणपणाहून मोठं असतं, असं तिथे सॉक्रेटिस म्हणतो! प्रत्येक गोष्टीला कारण मागणारा हा माणूस. मला या पलटीचं फार मोल वाटतं. त्याच्या मते आत्म्याने जन्माआधी खरं सौंदर्य पाहिलेलं असतं. इथे कुणाचा तरी चेहरा पाहून ते आठवतं आणि झडलेले पंख पुन्हा फुटायला लागतात, दात येताना हिरड्या शिवशिवतात तसे. म्हणजे प्रेम ही सत्याकडे जायची वाट झाली.

आत्म्याला तो एक सारथी आणि दोन पंखांच्या घोड्यांची जोडी म्हणतो, एक घोडा गुणी, दुसरा अडेल. मी कठोपनिषदातल्या रथाची आठवण काढली तर मावशी लगेच म्हणाली, “अगं, पण तिथे रथात बसलेला वेगळा आणि इंद्रियांचे घोडे वेगळे. इथे घोडेसुद्धा आत्माच आहेत. वाईट घोडा सोडून देता येत नाही, त्याला घेऊनच जायचंय.”

दुसऱ्या दिवशी अगोरा. मेट्रोचे रूळ या प्राचीन चौकाच्या कडेने जातात. रुळांपलीकडे रॉयल स्टोआचे, म्हणजे खांबांच्या एका ओवरीचे, अवशेष आहेत. ख्रिस्तपूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसवरच्या आरोपाची सुनावणी सुरू झाली ती इथेच. अटॅलोसच्या स्टोआतल्या संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती मातीच्या इवल्याशा कुप्यांसमोर. करंगळीएवढ्या, साध्या, नक्षी नसलेल्या. अशा 13 कुप्या अगोराच्या नैर्ऋत्येच्या एका इमारतीत सापडल्या. ती इमारत तुरुंगाची असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. सॉक्रेटिसची एक लहानशी संगमरवरी मूर्तीही तिथेच मिळाली. विषाचे डोस अशाच कुप्यांतून मोजत असतील का, या विचाराने पाय हलेनात.

पण ‘फीडो’ हा सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसावरचा प्लेटोचा संवाद वाचणाऱ्याला विषापेक्षा त्याआधीचे तास जास्त लक्षात राहतात. सिमियस आणि केबीस हे मित्र आत्म्याच्या अमरत्वावर शंका घेतात, खोलीत सगळे हबकतात. सॉक्रेटिस शेजारी बसलेल्या फीडोच्या केसांतून हात फिरवतो, उद्या हे केस तू कापशील ना, म्हणतो. आणि बजावतो की काही झालं तरी युक्तिवादाचा तिटकारा येऊ देऊ नका. सॉक्रेटिसची फिकीर कमी करा, सत्याची जास्त. मरायला टेकलेला माणूस मित्रांना आपल्याविरुद्ध बोलायचं बळ देतोय. प्रेम आणि ज्ञान एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हे मला तिथे जेवढं पटलं तेवढं कुठल्याही ग्रंथात पटलं नव्हतं.

प्लेटोच्या अकादमीच्या जागी आज मोठी मोकळी बाग आहे, झाडांमध्ये जुन्या इमारतींच्या पायाचे दगड, मुलांचा फुटबॉल. तिकीट नाही. अ‍ॅरिस्टॉटल 17 वर्षांचा असताना इथे आला आणि प्लेटो जाईपर्यंत, 20 वर्षं राहिला. त्याची स्वतःची शाळा, लायसियम, शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. 1996 मध्ये एका संग्रहालयासाठी खणताना ते सापडलं, 2014 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. व्यायामशाळेच्या भिंतींच्या खालच्या ओळी तेवढ्या उरल्यात.

तिथल्या बाकावर आमचं वाजलं. मावशी अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूची. “प्लेटोच्या त्या वरच्या, परिपूर्ण रूपांच्या जगामुळे इथलं एक रोप तरी वाढतं का, सांग,” हा तिचा प्रश्न, आणि मुळात अ‍ॅरिस्टॉटलचाही. माझं म्हणणं, झाड कसं वाढतं हे तो सांगेल, पण त्याच्याखाली मला थांबावंसं का वाटतं, ते प्लेटोच सांगतो. मावशीला हे पटलं नाही. प्रेमाबद्दल अ‍ॅरिस्टॉटलचं ऐकायचं तर ‘निकोमॅकियन एथिक्स’ची मैत्रीवरची दोन पुस्तकं वाच, आठवं आणि नववं, असं तिने सांगितलं. आठवं मी वाचायला घेतलंय.