इळैयराजांच्या कॅसेटी पावसाळ्यातून काढताना

नवरात्राच्या साफसफाईत कपाट उघडलं आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी, रवाळ नक्षी दिसली, तर ‘चालते का बघू’ म्हणून ती लगेच डेकमध्ये घालू नका. ती बुरशी आहे. तिची भुकटी टेप वाचणाऱ्या हेडवर, टेप पुढे ओढणाऱ्या रबरी रोलरवर आणि कॅप्स्टन नावाच्या दांडीवर बसते आणि मग तो डेक पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला तिचा प्रसाद वाटत सुटतो.

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांत तमिळ कॅसेटी असतात का, असं विचारणाऱ्यांनी एखाद्या जुन्या चाकरमान्याच्या घरचा माळा बघावा. माटुंगा, धारावी, चेंबूर इथे शेजारीपाजारी तमिळ वस्ती, त्यामुळे गावाकडे येणाऱ्या ट्रंकेत लतादीदी आणि भीमसेनजींच्या जोडीला तमिळ चित्रपटसंगीतकार इळैयराजाही आले. पण रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत खोलीतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते, आणि वर खारा वारा. चुंबकीय टेपला यापेक्षा वाईट सासर शोधून सापडणार नाही.

या संगीताच्या बाबतीत हे नुकसान जास्त जाणवतं, त्याला कारण आहे. इळैयराजांच्या गाण्यात चाल वर गायक सांभाळतो आणि खाली बास गिटार स्वतःची वेगळी चाल चालवत असते. मधल्या तुकड्यांत व्हायोलिनचे दोन-तीन पदर एकमेकांना छेद देत जातात. म्हणजे महत्त्वाचा माल आवाजाच्या दोन टोकांना ठेवलेला. घाणेरडं हेड, निसटलेला पॅड, तिरकं बसलेलं हेड या दोषांचा पहिला घाव वरच्या टोकावर पडतो, आणि फोनच्या स्पीकरवर ऐकलं की खालचं टोक जातं. उरते ती नुसती चाल. चाल गोड असतेच, त्यामुळे काय गेलं ते कळतसुद्धा नाही.

आधी बुरशी. कॅसेट डबीतून काढा, आतलं छापील कार्ड वेगळं करा (कागद ओल धरून ठेवतो), आणि दोन्ही गोष्टी हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर आठवडाभर ठेवा. गोधड्यांना, पापडांना ऊन दाखवतो तसं कॅसेटला दाखवायचं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कवच वाकतं आणि टेप आत घासायला लागते. ओली बुरशी पुसली तर ती टेपवर सारवली जाते. सुकली की भुकटी होते आणि झटकता येते. मग तोंडाला मास्क लावून, घरात नव्हे तर पडवीत किंवा अंगणात, कवचाचे पाच स्क्रू काढा. मऊ ब्रशने गुंडाळीच्या कडा झटका. नंतर एखाद्या पडीक, टाकाऊ डेकमध्ये टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळा आणि गुंडाळताना धागे न सुटणाऱ्या कापडाची घडी टेपला अलगद टेकवून ठेवा. दाबायचं नाही. दोन्ही दिशांना एकेकदा पुरतं. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर ते सांध्यावर फोडून टेप रिकाम्या स्क्रूवाल्या कवचात घालावी लागते. त्यासाठी बाजारातली स्वस्त कोरी कॅसेट चालते.

कवच उघडलंच आहे तर हेडसमोर येणारा नमद्याचा छोटा पॅड बघून घ्या. पितळी पट्टीवर तो गोंदाने चिकटवलेला असतो, गोंद वाळला की पॅड गळून आतच खुळखुळतो. पॅड नसला तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज रजईतून आल्यासारखा येतो. बऱ्याच जणांची ‘कॅसेट खराब झाली’ ही तक्रार एवढ्याशा पॅडची असते.

आता चांगला डेक. हेड आणि कॅप्स्टन ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा, दर कॅसेटमागे एकदा. रबरी रोलरला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं. त्याला साबणाचं सौम्य पाणी बरं. यानंतरचं काम बहुतेक जण टाळतात, ते म्हणजे हेडचा कोन. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो. आवाज मोनो करून ऐका आणि तो स्क्रू अगदी किंचित, घड्याळाच्या पाच मिनिटांइतका, इकडे-तिकडे फिरवा. एका जागी झांजेचा आणि व्हायोलिनचा आवाज एकदम उघडतो. ती त्या कॅसेटची जागा. दुसऱ्या कॅसेटची जागा वेगळी असू शकते, कारण ती दुसऱ्या यंत्रावर भरलेली. त्या काळात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात देऊन रेकॉर्डिंग करून घ्यायची पद्धत होती. अशा कॅसेटींत कोनाचा घोळ सर्वांत जास्त, आणि वर मूळ तबकडीची करकर फुकट.

वेग तपासा. टेपचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. जुना बेल्ट सैल झाला की वेग घसरतो, कोणी मोटरचा स्क्रू पिळलेला असला तर वाढतो. तीन टक्के वेग वाढला तर साडेचार मिनिटांचं गाणं आठ सेकंद आधी संपतं, आणि पट्टी जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने वर चढते. रागदारी ऐकणाऱ्याला हे खुपलं पाहिजे. ‘सिंधु भैरवी’ (१९८५) मधलं येसुदासांचं ‘कलैवाणिये’ हे कल्याणी रागातलं गाणं फक्त आरोहावर बांधलेलं आहे, अवरोह नाहीच. असा बारीक हिशेब असलेलं गाणं भलत्याच पट्टीत साठवून ठेवायचं, हे काही खरं नाही. अधिकृत डिजिटल प्रतीशी तंबोरा ॲप किंवा पेटी लावून पट्टी जुळवा आणि मगच कॅसेट संगणकावर भरायला घ्या.

भरताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. डॉल्बी (डेकवरची सरसर कमी करायची सोय) बंद, त्या काळी बाजारात मिळणाऱ्या तमिळ कॅसेटींना तो बहुधा लागतच नाही आणि लावला तर वरचं टोक पुन्हा मरतं. ६० मिनिटांची कॅसेट साधारण १ जीबीची वेव्ह फाइल होते, फ्लॅकमध्ये (आवाजाला धक्का न लावता फाइल लहान करणारा प्रकार) बरीच आटते. टेपची सरसर काढणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कधीच चालवू नका. सरसरीबरोबर ब्रशने वाजवलेला ड्रम आणि व्हायोलिनची शेपटीही जाते. कच्ची फाइल तशीच ठेवा, नट्टापट्टा तिच्या प्रतीवर.

तबकड्यांचं थोडक्यात. इळैयराजांच्या पहिल्या चित्रपटापासून, म्हणजे १९७६ च्या ‘अन्नक्किळी’पासून पुढचा सगळा माल विनाइलचा, त्यामुळे अल्कोहोल चालतं, लाखेच्या जुन्या तबकडीला मात्र थेंबही लावू नका, ती विरघळते. डिस्टिल्ड पाणी ७५० मिली, आयसोप्रोपिल २५० मिली, बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब. खाचांच्या दिशेने पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. आतली कागदी पिशवी फेकून पॉलिथिनची घाला, तबकड्या उभ्या ठेवा. तमिळमध्ये स्टीरिओ ध्वनिमुद्रणाची सुरुवात म्हणून ‘प्रिया’चं (१९७८) नाव घेतलं जातं, त्याआधीच्या मोनो तबकड्या भरताना दोन्ही वाहिन्या एकत्र करा, खरखर बरीच कमी होते.

खरी गंमत आणि खरी डोकेदुखी या संग्रहाच्या नोंदवहीत आहे.

पहिली अडचण स्पेलिंगची. तमिळ नावं रोमन लिपीत लिहिताना ‘टीएच’ हा ‘त’ किंवा ‘द’ असतो, ‘थ’ नव्हे. मराठी माणूस ‘थलपथी’ हे चित्रपटाचं नाव वाचतो आणि बुचकळ्यात पडतो; तो शब्द ‘दळपति’ आहे, आपलाच दळपती. देवनागरीत नोंद केली तर हा गोंधळ निम्मा मिटतो, कारण ळ आपल्याकडे आहे. इळैयराजा हे नावही ळ-नेच लिहावं. ‘इळैय’ म्हणजे धाकटा, तरुण, गायक-संगीतकार ए. एम. राजा हे ज्येष्ठ नाव आधीपासून होतं म्हणून निर्माते पंचू अरुणाचलम यांनी हा ‘धाकटा राजा’ केला. ‘इळैय निला’ या प्रसिद्ध गाण्यातही तोच शब्द, कोवळा चंद्र. एकदा हे बसलं की शोधताना तीन-तीन स्पेलिंगं टाकावी लागत नाहीत. तमिळमध्ये आणखी एक वेगळा ळ आहे, जिभेचं टोक वळवणारा. तोही ळ-नेच लिहा, नोंदवहीत भाषाशास्त्र नको.

दुसरी अडचण, एकच चाल अनेक घरांत नांदते. ‘ऐ जिंदगी गले लगा ले’ सुरेश वाडकरांच्या आवाजात मराठी घरांत पाठ आहे. ते ‘सदमा’चं, १९८३ चं. त्याआधी १९८२ मध्ये हीच चाल मल्याळममध्ये ‘ओळंगळ’साठी ‘तुंबी वा’ म्हणून एस. जानकींनी गायली, आणि त्याच वर्षी तमिळ ‘ऑटो राजा’त ती ‘संगत्तिल पाडाद कविदै’ झाली. ‘चीनी कम’ (२००७) मधलं ‘जाने दो ना’ मागे नेलं तर तमिळ ‘विळियिले मणि विळियिल’ला (१९८४) आणि त्याच्याही मागे कन्नड ‘गीता’तल्या (१९८१) ‘जोतेयलि’ला पोचतं. त्याच ‘चीनी कम’चं शीर्षकगीत म्हणजे ‘मौन रागम’मधलं (१९८६) ‘मन्रम वंद’. म्हणून नुसतं गाण्याचं नाव, गायक, वर्ष एवढ्याने भागत नाही. ‘चाल क्रमांक’ असा एक रकाना करा आणि एका चालीच्या सगळ्या भाषांतल्या गाण्यांना तोच क्रमांक द्या. ‘नीले नीले अंबर पर’ मात्र या रकान्यात घालू नका. चाल ‘इळैय निला’ची (१९८२) असली तरी ‘कलाकार’ या हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार कल्याणजी-आनंदजी आहेत, त्यासाठी शेऱ्याची वेगळी जागा ठेवा.

तिसरा रकाना ‘चित्रपटात आहे का’ याचा. ‘अलैगळ ओय्वदिल्लै’ (१९८१) मधलं जानकींचं ‘पुत्तम् पुदु कालै’ तबकडीवर आहे, पडद्यावर नाही. उलट पार्श्वसंगीतातले कितीतरी तुकडे कुठल्याच कॅसेटवर नाहीत. हा रकाना नसला की ‘हे गाणं सिनेमात कुठे गेलं’ म्हणून अडीच तास वाया जातात. एका बाजूला एक चित्रपट, दुसऱ्या बाजूला दुसरा, अशा जोडकॅसेटी खूप निघाल्या. त्यांची नोंद चित्रपटागणिक दोन ठिकाणी करा, पण कॅसेटचा क्रमांक एकच ठेवा. कार्डाचा स्कॅन ६०० डीपीआयवर काढा, गीतकारांची नावं बहुतेकदा तिथेच सापडतात.

साठवण. २० लिटरच्या रबरी कडेच्या हवाबंद पेटीत डब्यांसकट साधारण ८० कॅसेटी आणि २५० ग्रॅम सिलिका जेल, नारिंगी जातीचं. निळं नको, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी जेल ओल पिऊन हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४० ते ५० टक्के हवा. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांच्या वाफेने कॅसेटचं प्लास्टिक मऊ पडतं. कडुनिंबाचा पाला स्वतःच ओल घेऊन येतो. पाणी साठवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे लवंडले की खारं पाणी थेट टेपवर, तेव्हा तेही नकोत. पेट्या भरायच्या त्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत. जुलैत भरलेली पेटी म्हणजे पावसाळाच आत कोंडणं.

फाइलींच्या प्रती तीन, आणि त्यातली एक गावाबाहेर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी वरच्या मजल्यांपर्यंत चढलं तेव्हा कपाट आणि हार्ड डिस्क एकाच घरात असून काही उपयोग नव्हता. मुंबईला परतणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत एक डिस्क द्या. पेटीच्या झाकणावर जेल बदलल्याची तारीख लिहा, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत ते झाकण उघडू नका. तोवर ऐकायला फाइली आहेत.