आमची वाटचाल : काळ्या डुकरांचा वजनकाटा

दोडामार्गात डुकरं पाळायची म्हटल्यावर घरात काय झालं, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको. लग्नाकार्यात माझा धंदा अजूनही ‘पशुपालन’ एवढाच सांगतात. पण गिऱ्हाईक गोव्यातलं, हद्दीपलीकडचं, आणि रोखीचं.

सुरुवात सगळे करतात तशी पांढऱ्या यॉर्कशायर या विलायती जातीने केली. वजन भराभर येतं, पण खाद्यही तेवढंच लागतं आणि मे महिन्यात जनावर धापा टाकतं. त्यात चोरीस (गोव्याचं मसालेदार डुकराचं सॉसेज) करणारी मंडळी गावठी डुकराच्याच चरबीसाठी हटून बसायची. म्हणून दक्षिण गोव्यातल्या काणकोणकडून अगोंदा गोवन ही तिकडची गावठी जात आणली. काळी, लहान चणीची, भाताच्या कोंड्यावर आणि हंगामात काजूच्या बोंडांवर निभावणारी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे या जातीची रीतसर नोंद आहे.

‘गावठी डुक्कर वाढत नाही’ हे खाद्य विकणारा प्रत्येक जण ऐकवायचा. आम्ही कानात बिल्ले मारून वजनं घ्यायला लागलो. एकाच वेताची, एकाच डोणीत खाणारी भावंडं, पण बाजाराच्या वयाला त्यांच्यात चांगलीच तफावत पडायची. यॉर्कशायरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवड झाल्यामुळे पिल्लं बरीचशी एकसारखी निघतात. गावठीत वाढीसाठी अशी निवड कुणी फारशी केलीच नाही, त्यामुळे तिच्यात निवडायला भरपूर वाव शिल्लक आहे. माझ्या मते धंद्याचं खरं भांडवल हेच.

डुकरांत वाढीच्या वेगातला साधारण ३० टक्के फरक आनुवंशिक असतो, वेतातल्या पिल्लांच्या संख्येत मात्र जेमतेम १० टक्के. म्हणून वाढीसाठी नर निवडतो. पिल्लांची संख्या हवी तर मादीच्या खाण्याकडे आणि गाभण काळातल्या ११४ दिवसांकडे बघतो. (मांस वाढवणारा ‘आयजीएफ-२’ जनुकातला बदल २००३ साली उलगडला. तो बापाकडून आला तरच परिणाम दाखवतो. आमच्याकडे ती चाचणी होत नाही, आमची भिस्त काट्यावर.)

खरा धोका नात्यातल्या जोडीचा. पंचक्रोशीत एकच नर फिरतो, पुढे त्याच्याच मुली त्याला दाखवल्या जातात, मग वेत लहान होतं आणि पिल्लं खुरटी. त्यामुळे काणकोणातल्या पाळणाऱ्यांशी नरांची अदलाबदल ठेवली आहे. २०२० मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा, खरकट्यातल्या मांसातूनही पसरणारा रोग आल्यापासून बाहेरचं जनावर आधी वेगळं बांधतो आणि हॉटेलचं खरकटं पूर्ण बंद.

आज मांसासाठी गावठी मादीला यॉर्कशायर नर देतो. संकराची पिल्लं लवकर भरतात. शुद्ध काळा कळप मात्र वेगळाच. त्यातला नर हवा असेल तर फार्मवर यावं लागतं. त्याच्या बापाची आणि भावंडांची वजनं वहीत दाखवतो. फोटोवर सौदा करत नाही.