मोटर बंद पडली तरी फोन हालतोय

अंबाजोगाईला आमचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, डिस्प्ले फुटलेले, चार्जिंग पिन लूज झालेले, पाण्यात पडलेले असे सगळे फोन येतात, पण अधूनमधून एक अशी तक्रार येते की तिच्यावर लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. गिऱ्हाईक म्हणतं फोन आपोआप व्हायब्रेट व्हायलाय, काढून बघावं तर ना कॉल ना मेसेज, स्क्रीन काळीच. कुणाला वाटतं व्हायरस आलाय, कुणाला वाटतं बॅटरी गेली, एकदोघं तर फोन विकायलाच निघाले होते.

मागच्या पावसाळ्यात जवळच्या एका गावच्या आशा कार्यकर्त्या आल्या होत्या. वयानं मोठ्या म्हणून मी त्यांना मावशी म्हणतो. म्हणल्या, "बाळा, मपला फोन लई येड्यावानी करायलाय बघ, सारखा कमरंला हालतोय, रातच्याला झोपू देईना, अन् बघावं तर कुणाचाच फोन नाही." फोन साधाच, छोट्या बटव्यात घालून कमरेला खोचलेला. मी मागचं झाकण काढलं, स्क्रू काढले, कोपऱ्यातला व्हायब्रेटर बघितला तर त्याच्या दोन्ही पॉइंटवर हिरवट गंज चढलेला, कधीतरी पाणी गेलेलं असणार. ब्रशनं साफ केलं, मल्टीमीटर लावला, काहीच नाही, मग मोटर काढून सप्लायवरून डायरेक्ट करंट दिला तरी जागची हालली नाही. म्हणजे मोटर कधीचीच गेलेली. तो फोन व्हायब्रेट होऊच शकत नव्हता, नुसती रिंग वाजत होती. मावशींना ती मोटर हातावर ठेवून दाखवली, त्यांनी उलटीपालटी करून बघितली अन् म्हणल्या, "मग हालतंय कोण?"

लई सरळ प्रश्न आहे अन् उत्तर फोनमध्ये नाही, आपल्या अंगात आहे.

ही मोटर म्हणजे शर्टाच्या बटनाएवढी चकती. आत वजन एकाच बाजूला बसवलेलं असतं, म्हणून फिरायला लागली की सगळा फोन थरथरतो, सेकंदाला साधारण दीडशे-दोनशे वेळा. आता ही थरथर ओळखणारी सोय आपल्या कातडीच्या खोल थरात असते, पॅसिनियन कॉर्पसल म्हणतात त्याला, कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे असलेले बारीक बारीक कण, अन् त्यांना सेकंदाला दोनशे-अडीचशेच्या आसपासची थरथर सगळ्यात चांगली कळते. पण त्यांना फोनचं अन् बाकीचं असं वेगळं काही कळत नाही. कापड घासलं, मांडीचा स्नायू जरासा फडफडला, बाजूनं ट्रॅक्टर गेला, तरी काहीतरी जाणवतंच, अन् हे फोन आहे का दुसरं काही याचा निवाडा मेंदू करतो. मेंदू बघतो की काय चुकलेलं जास्त महागात पडंल. उगंच बटव्यात हात घातला तर काय जातंय? पण गावात कुणाची बाई अडलेली असताना फोन हुकला तर? म्हणून मावशींचा मेंदू दहा वेळा खोटं उठवायला तयार आहे पण एकदा खरं हुकवायला तयार नाही, अन् मला विचाराल तर यात त्यांचं काही बिघडलेलं नाही, उलट जबाबदारी अंगात किती मुरलीय त्याची ही खूण आहे.

इथल्या मेडिकल कॉलेजची पोरं पण आमचं गिऱ्हाईक आहेत, इंटर्नशिपवाल्यांना हे फार होतं. त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं की दादा याच्यावर अभ्यास झालेले आहेत, मग मी शोधून शोधून वाचलं. 2010 ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका हॉस्पिटलच्या स्टाफचा सर्व्हे आला होता, 169 पैकी 115 जणांना न आलेला फोन जाणवत होता, म्हणजे 68 टक्के, अन् त्यातबी छातीच्या खिशात ठेवणारे, जास्त तास अंगावर बाळगणारे, व्हायब्रेट मोड जास्त वापरणारे यांना जास्त. 2012 ला अमेरिकेतल्याच कॉलेजच्या 290 पोरांना विचारलं तर 89 टक्के हो म्हणले, सरासरी दोन आठवड्यातून एकदा, अन् बहुतेकांना त्याचा काही त्रास नव्हता.

पण मला सगळ्यात पटला तो 2013 ला छापून आलेला तैवानचा अभ्यास. 74 इंटर्न डॉक्टरांना वर्षभर परत परत विचारत गेले. इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी 78 टक्के जणांना हे होत होतं, तिसऱ्या महिन्यात जवळजवळ 96 टक्क्यांवर गेलं, अन् सगळं संपल्यावर दोन आठवड्यांनी विचारलं तर 50 वर आलं. ड्युटी सुटली अन् अंगातलं पण उतरत गेलं. मला हे वाचून आमच्या घराचीच गोष्ट वाचल्यासारखं झालं.

माझी आक्का अन् दाजी दरवर्षी ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, कधी सांगली-कोल्हापूरकडं तर कधी कर्नाटकात, ते येतात थेट मार्च-एप्रिलला पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचा सीझन संपला की. आक्काची दोन्ही लेकरं शाळेसाठी आमच्याकडं असतात, माझी आई सांभाळते त्यांना. तिथं राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, लाईट नाही, फोन चार्जिंगला कुठंतरी दुकानात नाहीतर ट्रॅक्टरवाल्याकडं द्यावा लागतो, उसाच्या फडात रेंज असंल तर असंल, गाडी भरायला रात्री दोनला पण उठावं लागतं, त्यामुळं फोन कधी येईल याला काही काळवेळच नाही. अन् हे सगळे महिने माझ्या उजव्या मांडीला फोन हालत राहतो. हातात सोल्डरिंग असतं, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं, तरी हात खिशात जातो. रात्री तर फोन उशाला ठेवलेला असून मांडीला हालल्यासारखं होतं. भाची शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, "मामा, आईचा फोन आलता का?" तिच्याकडं तर फोन पण नाही, पण कुणाचाबी वाजला तरी आधी तीच पळते. पाडव्याच्या आसपास आक्का घरी आली की हळूहळू सगळं आपोआप थांबतं, मी कधी काही औषधपाणी केलेलं नाही.

मागच्या सीझनला मात्र आम्ही दोन गोष्टी केल्या. एक तर मी फोनचं व्हायब्रेट पूर्ण बंद करून टाकलं, आक्का, दाजी अन् मुकादम तिघांच्या नंबरला वेगळी मोठी रिंगटोन लावली, अन् फोन खिशात न ठेवता समोर काउंटरवर ठेवायला लागलो. त्या मॅसॅच्युसेट्सवाल्या सर्व्हेत पण व्हायब्रेट बंद करून नाहीतर जागा बदलून बऱ्याच जणांचं थांबलं होतं. दुसरी गोष्ट आक्कानंच काढली, ती म्हणली रोज रात्री आठच्या पुढं मी करते, रेंज नसली तर मुकादमाच्या फोनवरून करते, दिवसा माझी वाट बघत बसू नको. अन् खरा फरक याच्यानं पडला. आठ वाजेपर्यंत फोन येणारच नाही हे एकदा मनाला पटलं की दिवसभर मांडी गप. आठ वाजून गेले अन् फोन नाही आला तर मात्र पहिल्यासारखंच, तिथं रिंगटोन काही करू शकत नाही.

मावशींना मी हेच सांगितलं होतं, पण त्यांना आठची वेळ कोण लावून देणार? बाळंतपण घड्याळ बघून येत नाही, अन् गावात फोन उचलणारी दुसरी कुणी नाही. इंटर्नशिप वर्षात संपते, मावशींची सुटका नाही. मला मनापासून वाटतं की शेजारच्या गावच्या आशा अन् त्या मिळून निदान रात्री तरी वाटून घ्यायला पाहिजेत अन् वरच्यांनी ते मान्य करायला पाहिजे, एक रात्र फोन हिच्याकडं, एक रात्र तिच्याकडं. मोटर मी त्यांना नवीन टाकून दिली, म्हणलं आता हालला तर निदान खरा हालंल. त्यानंतर एकदा बाजाराच्या दिवशी भेटल्या तेव्हा म्हणल्या बटवा आता कमरंला नाही, पिशवीत ठेवते, रिंग फुल करून, अन् रात्री सुनेच्या खोलीत ठेवते, वाजला की ती उठवते. म्हणजे रात्रीची पाळी आता सुनेनं घेतलीय, तिच्यासाठी वाईट वाटलं, पण मावशींचा चेहरा झोप झाल्यासारखा दिसत होता.

दसरा जवळ आलाय. आक्कासाठी यंदा कीपॅडचा फोन तयार करून ठेवलाय, नवीन बॅटरी टाकलीय, तीन-चार दिवस चार्जिंगला द्यायची गरज नाही पडणार. भाचीनं त्याच्यात आमच्या घरचा नंबर स्वतः सेव्ह केलाय.