चाचे पकडले जातात, खटला मात्र बुडतो

23 मार्च 2024 रोजी 'आयएनएस कोलकाता' मुंबईत आली तेव्हा तिच्यावर 35 सोमाली चाचे होते. 'रुएन' या माल्टाच्या ध्वजाखालच्या जहाजावरची चाळीस तासांची कारवाई, सी-17 विमानातून समुद्रात उतरलेले नौदलाचे मार्कोस कमांडो, सुखरूप सुटलेले 17 खलाशी, सगळं वर्तमानपत्रांत भरभरून छापून आलं. मग ते पस्तीस जण यलो गेट पोलीस ठाण्याच्या ताब्यात गेले आणि बातमी संपली. खटल्याची बाजू मात्र तिथेच सुरू होते, आणि ती फारशी कुणी लिहीत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारातलं कलम 105 म्हणतं की खुल्या समुद्रात चाच्यांचं जहाज कोणताही देश पकडू शकतो आणि शिक्षा काय द्यायची ते त्या देशाची न्यायालयं ठरवू शकतात. 'ठरवू शकतात', म्हणजे परवानगी आहे, सक्ती नाही. शिवाय गुन्हा कोणता, शिक्षा किती, खटला कोणत्या न्यायालयात, यातलं काहीच करार सांगत नाही. ते देशाच्या स्वतःच्या कायद्यात असावं लागतं. आपल्या भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता.

याची किंमत 'अलोंड्रा रेनबो' प्रकरणात कळली. ऑक्टोबर 1999 मध्ये इंडोनेशियातून सुमारे 7,000 टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन जपानकडे निघालेलं हे जहाज चाच्यांनी पळवलं आणि 17 खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. जहाजाला नवा रंग दिला, 'मेगा रामा' असं नवं नाव रंगवलं, वर बेलीझचा ध्वज लावला. नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने आणि नौदलाच्या 'प्रहार'ने पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडलं. चाच्यांनी जहाज बुडवायचा प्रयत्न केला, कारण सगळ्यात मोठा पुरावा ते जहाजच होतं. मुंबईच्या सत्र न्यायालयाने 2003 मध्ये शिक्षा सुनावली, ती दरोड्यासारख्या जमिनीवरच्या कलमांची मोट बांधून. 2005 मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले.

2011 मध्ये तोच प्रश्न घाऊक प्रमाणात आला. 'प्रांतालय 14', 'प्रांतालय 11', 'वेगा 5' अशी पळवलेली मासेमारी जहाजं मदरशिप (लहान होड्यांचा समुद्रातला तळ) म्हणून वापरणारे शंभराहून जास्त सोमाली काही महिन्यांत मुंबईत आणले गेले. 2017 मध्ये सात-सात वर्षांची शिक्षा झाली. तोवर त्यातली बहुतेक वर्षं कच्च्या कैदेत गेली होती.

आता आपल्याकडे सागरी चाचेगिरीविरोधी कायदा, 2022 आहे. विधेयक 2019 चं, संसदेची मंजुरी डिसेंबर 2022 ची, राष्ट्रपतींची सही जानेवारी 2023 ची. त्याने गुन्ह्याची व्याख्या दिली, जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली, कोणाचा जीव गेला तर फाशीचीही तरतूद केली. आरोपी कोणत्याही देशाचा असो, भारताने पकडला तर खटला इथे चालेल, आणि त्यासाठी केंद्र सरकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून सत्र न्यायालयं नेमून देईल. फाशीची तरतूद मला अजूनही अडचणीची वाटते. फाशी होऊ शकते म्हटलं की बरेच देश आरोपी हवाली करत नाहीत. उद्या म्होरक्या परदेशात सापडला की नेमकं हेच आडवं येईल.

कायद्यातली सगळ्यात उपयोगाची तरतूद गृहीतकाची आहे. आरोपीकडे शस्त्रं, स्फोटकं वगैरे सापडली किंवा खलाशांवर बळ वापरल्याचा पुरावा असला, की गुन्हा केल्याचं न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नाही हे दाखवायचं ओझं आरोपीवर जातं. पण युद्धनौका दिसली की चाचे पहिलं काम काय करतात? एके-47, शिडी, जहाजाला अडकवायचे आकडे, जीपीएस, सॅटेलाइट फोन, सगळं पाण्यात. मग उरते एक लाकडी होडी आणि 'आम्ही मच्छीमार आहोत' हा जबाब.

म्हणून चित्रीकरण चाच्यांच्या नौकेवर चढण्याआधी सुरू झालं पाहिजे. हेलिकॉप्टरमधून किंवा ड्रोनने घेतलेल्या चित्रणात शिडी हातात धरलेला माणूस दिसला, तर ती शिडी नंतर तळाला गेली तरी चालते. होडीत काय आहे याइतकंच काय नाही तेही टिपायचं: जाळी नाही, बर्फ नाही, गळ नाही, पण इंधनाची पिंपं मात्र गरजेपेक्षा जास्त. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश, वेळ (कोणत्या देशाची ते लिहून) आणि नोंद करणाऱ्याची सही लागते. एका वहीत भारतीय वेळ आणि दुसऱ्या वहीत जागतिक वेळ असली, तर साडेपाच तासांचा फरक बचावाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत बाहेर काढतो.

डेकवरच्या पंचनाम्याला पंच कोण, हा आणखी एक चक्रावणारा प्रश्न. तिथे नौदलाचे लोक, सुटलेले खलाशी आणि चाचे, एवढेच. खलाशी फिर्यादी आहेत, नौसैनिक कारवाई करणारे. शक्यतो ज्यांनी झडती घेतली नाही अशा दोघांची सही घ्यावी आणि प्रत्येक हत्याराला वेगळी पिशवी, वेगळा क्रमांक द्यावा. 'आठ रायफली, एक पोतं' अशी नोंद म्हणजे कोणती रायफल कोणाकडे होती हे कायमचं हरवलं. काडतुसांचंही तेच. खारट हवेत लोखंडाला दोन दिवसांत गंज चढतो, त्यामुळे हत्यार जप्त झाल्यावर लगेच जवळून फोटो काढून ठेवायचे.

चित्रण न्यायालयात टिकायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं: एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमत (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो). ही किंमत जहाजावरच काढून वहीत लिहायची. बंदरात आल्यावर, चार पेनड्राइव्हवर फिरून झाल्यावर काढलेली हॅश फक्त एवढंच सांगते की फाइल तेव्हापासून बदललेली नाही.

मग वेळेचं गणित. राज्यघटनेच्या कलम 22 प्रमाणे अटकेनंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, प्रवासाचा वेळ वगळून. 'रुएन'वरची कारवाई 16 मार्चला संपली, मुंबई 23 तारखेला आली. मधले सात दिवस प्रवासातच गेले हे जहाजाच्या लॉगने दाखवलं पाहिजे, आणि वाटेत दुसऱ्या कामाला वळावं लागलं तर कारण त्याच दिवशी लिहिलं पाहिजे. फ्रान्सला हा धडा 2014 मध्ये मिळाला. सोमाली चाच्यांना समुद्रातून आणायला लागलेले दिवस युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने चालवून घेतले, पण फ्रान्समध्ये उतरल्यावर थेट न्यायाधीशासमोर न नेता पोलीस कोठडीत ठेवलं, तिथे फ्रान्स हरला. भरपाई द्यावी लागली ती चाच्यांना.

किनाऱ्यावर आल्यावर सगळ्यात लवकर निसटणारा पुरावा म्हणजे सुटलेले खलाशी. महिनोन्‌महिने कैदेत काढलेला माणूस पहिल्या विमानाने घरी जाणार, आणि त्याने जावंच. म्हणून जाण्याआधी दंडाधिकाऱ्यासमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली (जुन्या फौजदारी संहितेचं 164) जबाब आणि ओळखपरेड, दोन्ही उरकायला हवं. पण हा जबाब म्हणजे साक्ष नव्हे. दोन वर्षांनी उलटतपासणी व्हावीच लागते. त्यासाठी त्याच्या देशातल्या भारतीय वकिलातीतून दृक्‌श्राव्य साक्षीची सोय आधीच ठरवून ठेवायची. पत्ता फक्त मालक कंपनीचा लिहून घेतला तर माणूस सापडत नाही, कारण खलाशी दर करारागणिक कंपनी बदलतात. मॅनिंग एजंट (जहाजांना खलाशी पुरवणारा), गावचा पत्ता, घरच्यांचा फोन, तिन्ही हवेत.

दुभाषा हाही खर्चाचा आणि विलंबाचा विषय. रिमांड, दोषारोप, प्रत्येक साक्ष आरोपीला कळेल अशा भाषेत पोचली नाही तर अपिलात पहिला मुद्दा तोच. सोमाली जाणणारी माणसं मुंबईत मोजकी. त्यांचं नावनिशीवार पॅनेल आणि ठरलेलं मानधन न्यायालयाकडे असलं तर दर तारखेला नवी शोधाशोध उरत नाही. वयाचंही तसंच: कागदपत्रं नसतात, कोणीतरी 'मी सोळाचा' म्हणतो आणि खटला बालन्यायाच्या वाटेला लागतो. हाडांच्या चाचणीत दोनेक वर्षांची चूक संभवते, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

नायजेरियाने 2019 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि 'हाय लू फेंग 11' हे जहाज पळवणाऱ्या दहा जणांना लागोसच्या न्यायालयाने 2021 मध्ये प्रत्येकी बारा वर्षांची शिक्षा दिली. मे 2020 चा गुन्हा, जुलै 2021 चा निकाल. याउलट गिनीच्या आखातात डेन्मार्कच्या युद्धनौकेने नोव्हेंबर 2021 मध्ये पकडलेल्यांपैकी तिघांना घ्यायला कोणताच देश तयार झाला नाही, तेव्हा जानेवारीत एका छोट्या होडीत अन्नपाणी आणि इंधन देऊन त्यांना सोडून देण्यात आलं.

आपल्याकडे शिक्षा भोगून झाल्यावरही फाइल बंद होत नाही. पासपोर्ट नसलेल्या माणसाला परत पाठवायला त्याच्या दूतावासाकडून प्रवासाचा कागद लागतो, आणि तो येईपर्यंत त्याला ठेवायचं कुठे हे पोलिसांनाच बघावं लागतं. हा कागद मागणारं पत्र शिक्षा संपायच्या सहा महिने आधी गेलेलं बरं.