दुसरा लॅपटॉप

आज संध्याकाळच्या कार्यक्रमात, दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात मुख्य लॅपटॉपची यूएसबी वायर सैल झाली आणि त्यावरून वाजणारा व्हायोलिनचा आधीच ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक थांबला. पण प्रेक्षागृहात कुणालाही ते जाणवले नाही, याचे समाधान अजून मनात आहे.

आमच्याकडे दोन लॅपटॉप एकाच मिडी संदेशावर (संगीत उपकरणांनी एकमेकांना द्यायच्या डिजिटल सूचनेवर) एकत्र सुरू होतात आणि दोघांचेही आवाज एका ऑटो-स्विचरमध्ये जातात. मुख्य लॅपटॉपवर गाण्यांबरोबर एक अखंड टोनही वाजत असतो, जो श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही. तो थांबला, की स्विचर आपोआप दुसऱ्या लॅपटॉपचा आवाज पुढे पाठवतो. ढोलकीवादकाच्या कानातला क्लिकही, म्हणजे लय दाखवणारा टिकटिक आवाजही, त्याच मार्गाने जात असल्यामुळे त्याचा ठेका ढळला नाही. हा क्लिक वेगळा ठेवणे ही मला घातक चूक वाटते, कारण ट्रॅक चालू राहूनही ताल हरवला तर उपयोग काय?

दोन्ही लॅपटॉप व त्यांचे इंटरफेस (लॅपटॉपमधून आवाज बाहेर काढणारी उपकरणे) स्वतंत्र हवेत, हे तर आहेच. आज दुपारी साउंडचेकच्या वेळी मी मुद्दाम मुख्य वायर उपसून पाहिली होती, तेव्हा गायिका दचकल्या होत्या, कार्यक्रमानंतर त्यांनीच येऊन विचारले, "उद्याही उपसून बघणार ना?"